बावखलातला मुखवटा

त्या चोरीचा तपास माझ्या नोकरीतल्या सोप्या तपासांपैकी एक होता. आरोपी मिळाला, मुद्देमाल मिळाला, फिर्यादीने आभार मानले, वरिष्ठांनी शाबासकी दिली. पुढे हाताळलेले कितीतरी मोठे गुन्हे विस्मरणात गेले. हा गेला नाही. यात मी कोणाचेही नाव लिहीत नाही. ज्यांना नावे ठाऊक आहेत त्यांच्यासाठी लिहिण्याची गरज नाही आणि इतरांना त्यांचा उपयोग नाही.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ आणि गिरीज यांच्या दरम्यान, केळीच्या वाड्यांत एक जुने देऊळ होते. कौलारू छप्पर, लाकडी खांब, शेणाने सारवलेला सभामंडप. गाभाऱ्यात शेंदराचा तांदळा आणि त्यावर चांदीचा मुखवटा. तांदळा म्हणजे नुसता दगड. गावाच्या लेखी देवीचा चेहरा म्हणजे तो मुखवटाच. चांदी झिजून नाक बोथट झाले होते. जत्रा माघात भरत असे.

एका सकाळी हजेरी चालू असताना देवस्थानचे अध्यक्ष चार सभासदांसह ठाण्यात आले. बांधकामाच्या साहित्याचा त्यांचा व्यापार होता. हुकूम देण्याची सवय असलेला माणूस. खुर्ची पुढे करण्याआधीच ते बसले.

"साहेब, देवीचा मुखवटा चोरीला गेला. जत्रा तोंडावर आली आहे. तुम्ही श्वानपथक मागवा."

त्यांच्या मागे, दाराशी, देवळाचा म्हातारा गुरव उभा होता. त्याने चपला बाहेर काढल्या होत्या. पोलीस ठाण्यात कोणी चपला काढून येत नाही. मी त्याला विचारले, "बाबा, प्रथम तुमच्या लक्षात आलं का?"

"होय. संध्याकाळी गाभारा उघडला. देवी जाग्यावर नव्हती."

"कोणावर संशय?"

उत्तर अध्यक्षांनी दिले, "गुरवाला काय कळणार संशयातलं? दिवा लावायचा, घंटा वाजवायची. आम्ही आहोत ना, आम्हाला विचारा."

फिर्याद नोंदवून घेतली आणि घटनास्थळी गेलो. पंचनाम्यात लिहिण्यासारखे फार नव्हते. कुलूप तुटलेले नव्हते. कौले जागच्या जागी होती. दुपारच्या नैवेद्यानंतर गुरव गाभाऱ्याचे दार ओढून घेतो, कुलूप मात्र रात्रीच लावतो. म्हणजे दुपारभर कोणीही आत जाऊ शकत होते. ठसेतज्ज्ञांना शेंदराने माखलेल्या बोटांचे शेकडो ठसे मिळाले. अर्ध्या गावाने तो तांदळा हाताळलेला होता. श्वान देवळाला फेरी घालून मागच्या बावखलाच्या काठी जाऊन बसले. श्वानाच्या हस्तकाने सांगितले, "पाण्यापाशी वास तुटतो, सर."

बावखल म्हणजे काय ते वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. वाड्यांमधून खणलेले हे गोड्या पाण्याचे तळे. पावसाळ्यात भरायचे, उन्हाळ्यात केळी जगवायची, विहिरींना पाणी पुरवायचे. पूर्वी प्रत्येक वाडीला एक असे. देवळामागचे बावखल लहान होते. कडेला अळू, मध्यावर कमळाची पाने. देवीच्या स्नानाचे पाणी रोज तिथूनच भरण्याची रीत होती. पाण्यात काही बुडबुडा, काठावर काही ओढल्याची खूण आहे का ते पाहिले. काही नव्हते. पंचनाम्यात एक ओळ लिहिली आणि पुढे निघालो.

दुसऱ्या दिवशी सर्वांना जबाबासाठी ठाण्यात बोलावले. अध्यक्ष, सभासद, हार विकणारी बाई, गुरव. दिवसभर तेच काम चालले. गुरवाचा जबाब सर्वांत लहान झाला. विचारले तेवढेच त्याने सांगितले. खोटे बोलणारा माणूस तपशील वाढवतो. काही राखून ठेवणारा माणूस तपशील कमी करतो. हा फरक मला ठाऊक होता. पण वय झालेली माणसेही कमी बोलतात.

त्या जबाबांमधून देवस्थानातला एक वाद कळला. जुने देऊळ पाडून संगमरवरी देऊळ बांधण्याचे समितीने ठरवले होते. जुना मुखवटा वितळवून, त्यात भर घालून, सोन्याचा मुलामा दिलेला मोठा मुखवटा घडवायचा होता. सोनार माप घेऊन गेला होता. गुरवाने एकदा विरोध केला होता. अध्यक्षांच्याच शब्दांत, "त्याला समजावून सांगितलं, काळ बदलला. तो गप्प बसला."

खबर तिसऱ्या दिवशी मिळाली. वाड्यांतली फुले स्कूटरवर लादून दादरला पोहोचवणारा एक जण माझ्या हवालदाराचा जुना खबऱ्या होता. हवालदार त्याला मागच्या दाराने घेऊन आला.

"बोल, साहेबांना सांग. मला सांगितलंस तसंच. पदरचं काय घालू नको."

"साहेब, त्या दिवशी दुपारी मी फुलं घ्यायला देवळावरून चाललो होतो. केळीवाला अंकल देवळातून बाहेर आला. हातात गोणपाटाची गोणी. भरलेली. मी बोललो, अंकल, काय घेऊन चाललात? तर बोलला, तुला काय करायचंय, तू तुझी फुलं बघ. एकदम गरम झाला. कधी होत नाही तो गरम."

हा केळीवाला म्हणजे देवळाला लागून असलेल्या वाडीचा मालक. साठीच्या आसपासचा ख्रिस्ती बागायतदार. वाडीच्या तोंडाशी दगडी क्रूस, मागे राजेळी केळीची लागवड. खबर ऐकताच मी विचारले, "ख्रिस्ती माणूस भरदुपारी देवळात कशासाठी गेला होता?"

हवालदार मिठागराकडच्या गावचा होता. तो हसला. "साहेब, तुम्ही घाटावरचे. त्याचा मान हाय तिथं. जत्रेच्या आधी पहिला घड त्याच्या घरचा. त्याचा घड टांगल्याशिवाय जत्रा लागत नाय."

त्याच दिवशी बागायतदाराला ठाण्यात आणले. पांढरा सदरा, खिशाला पेन, गळ्यात जपमाळ. घाबरलेला दिसत होता, पण पळवाट शोधणारा नव्हता.

"देवळात गेला होतात?"

"गेलो होतो. घड घेऊन. दरवर्षी जातो. आमचा बा जायचा, त्याच्या आधी त्याचा बा."

"परत येताना गोणीत काय होतं?"

त्याने खाली पाहिले. "निर्माल्य."

"निर्माल्य? तुम्ही?"

"आमच्यात सांगत नाहीत कोणाला, साहेब. देवीचं निर्माल्य केळीच्या बुडाशी पुरायचं. पुढच्या वर्षीचा घड त्याच केळीच्या बुडातून फुटलेल्या पिलाचा न्यायचा. हे बाहेर सांगायचं नाही. पोरगा माझ्यावर चिडतो, म्हणतो, पप्पा, लोक हसतात. मी फादरना विचारलं एकदा. फादर म्हणाले, शेजाऱ्याच्या घरी केळी नेतोस, त्यात पाप कसलं? पण निर्माल्याचं मी फादरनाही सांगितलं नाही."

"आणि हा मान तुम्हाला मिळाला कसा?"

तेव्हा त्याने मला देवळाचा इतिहास सांगितला. गावातले लोक सांगत असलेला, कोणत्याही पुस्तकात नसलेला. फिरंगी आले तेव्हा देवळे पाडली जात होती. गुरवाने मुखवटा घागरीत घातला, पाणी भरायला निघाल्यासारखा निघाला आणि मागच्या बावखलात सोडला. ते बावखल या बागायतदाराच्या पूर्वजांच्या वाडीत होते. पुढे ते घर ख्रिस्ती झाले. पण देवी पाण्यात कुठे आहे ते फक्त दोन घरांना ठाऊक होते, एक गुरवाचे आणि एक त्यांचे. पिढ्या गेल्या. कोणी तोंड उघडले नाही. मराठ्यांनी वसई घेतल्यावर गुरवाच्या घरातला एक जण आणि ख्रिस्ती घरातला एक जण असे दोघे पाण्यात उतरले आणि त्यांनी मुखवटा वर काढला. म्हणून पहिला घड त्या घरचा.

"गुरवबाबा मला लहानपणी सांगायचे," तो म्हणाला, "देवीवर संकट आलं की देवी पाण्यात जाते. संकट गेलं की वर येते. आपण फक्त तोंड बंद ठेवायचं."

मी ते ऐकले आणि बाजूला ठेवले. लोककथेवर गुन्हा उघड होत नसतो, असे मला तेव्हा वाटत होते.

निर्माल्याची खात्री करणे आवश्यक होते. पंच घेऊन त्याच्या वाडीत गेलो. त्याने केळ दाखवले. कुदळीने बुंध्याजवळची माती काढली. झेंडू, शेवंती, दूर्वा, कुजायला लागलेली. हळदीकुंकवाचा वास येत होता. त्याची पत्नी ओट्यावरून पाहत होती. मुलगा घरातून बाहेर आला, त्याने खड्ड्याकडे पाहिले आणि तो आत गेला. बापाची मान खाली होती. चोरीचा आरोप त्याने सरळ मानेने ऐकला होता. ही लाज त्याला पेलत नव्हती.

माझ्या दृष्टीने तो त्या क्षणी सुटला. गावाच्या दृष्टीने सुटला नाही. संध्याकाळी अध्यक्ष ठाण्यात आले.

"सोडलंत त्याला?"

"त्याच्याविरुद्ध पुरावा नाही."

"साहेब, फुलं पुरली म्हणून मुखवटा नेला नाही असं होतं का? तुमचं तुम्ही बघा. आम्ही आमचं ठरवलं आहे. या वर्षी त्याचा घड देवळात घ्यायचा नाही. टांगलेला आहे तो उतरवून परत पाठवतो. पुढचं पुढे."

"हा मान कधीपासूनचा आहे, तुम्हाला ठाऊक असेल."

"मान देवीचा असतो, साहेब. माणसाचा नसतो."

हे वाक्य त्यांनी बहुधा आधी कुठेतरी वापरलेले असावे. म्हणताना त्यांना बरे वाटले.

घड परत गेला तेव्हा मी देवळातच होतो. सभामंडपाच्या तुळईला एक लोखंडी कडी होती. वर्षानुवर्षांच्या घडांच्या भाराने झिजून ती एका अंगाला पातळ झाली होती. सभासदांनी घड उतरवला. अजून हिरवाच होता. बागायतदार देवळाच्या पायरीशी उभा होता, पायरी चढला नाही. खांद्यावर घड घेतला आणि म्हणाला, "चिकाचे डाग पडतात, जरा सांभाळून द्या." बस, इतकेच. वाडीच्या वाटेने तो दिसेनासा झाला. मग एका सभासदाने विचारले, "आता कडीला काय लावायचं?" दुसरा म्हणाला, "फ्लेक्स लाव अध्यक्षांचा." दोघे हसले. गुरव खांबाला टेकून बसला होता. तो हसला नाही, रडलाही नाही. पण त्याचे ओठ हलत होते.

मी तिथेच थांबलो. दिवेलागणीची वेळ झाली. गुरव उठला. समई लावली, पण ती गाभाऱ्यासमोर ठेवली नाही. मागच्या भिंतीत पश्चिमेकडे उघडणारा एक झरोका होता. समई त्याने त्या झरोक्यात ठेवली आणि बाहेरच्या बाजूला तोंड करून हात जोडले. गाभाऱ्याकडे त्याची पाठ होती.

पोलिसाला लोकांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या सवयी अधिक सांगतात. आयुष्यभर एकाच दिशेला हात जोडलेला माणूस दिशा बदलतो तेव्हा त्याला काहीतरी ठाऊक असते.

मी हवालदाराला हळूच विचारले, "या झरोक्याच्या पलीकडे काय आहे?"

"आता काय, पार्किंग, साहेब. बावखल होतं ना, बुजवलं."

"कधी?"

"आपन जबाब घेत बसलो होतो त्या दिवशी. अध्यक्षांनी डंपर लावले. बावखल केळीवाल्याच्याच चुलतभावाच्या नावावर, तो राहतो विरारला फ्लॅटमध्ये. त्यानं लिहून दिलं. जत्रेनंतर बुजवायचं होतं, पन चोरीच्या बातमीनं गर्दी वाढनार म्हनून घाई केली." मग तो आपल्याशीच बोलावा तसे पुटपुटला, "पावसात पानी घरात शिरलं की आपल्याकडंच फोन करतात. पानी जाईल कुठं, ते कोन विचारत नाय."

मी बाहेर जाऊन पाहिले. पंचनाम्याच्या दिवशी जिथे कमळाची पाने होती तिथे पाडलेल्या घरांचा राडारोडा पसरून वर लाल माती टाकली होती. रोलर फिरवला होता. चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारून गाड्यांच्या जागा आखल्या होत्या. झरोक्यातल्या समईचा उजेड त्या रेघांवर पडत होता.

श्वान कुठे बसले होते ते आठवले. घागर आठवली. पाणी भरायला निघालेला गुरव कोणाच्या लक्षात राहतो? तो तर रोजच निघतो.

सकाळी गुरवाला ठाण्यात बोलावले. माझ्या केबिनमध्ये बसवले. चहा दिला, त्याने घेतला नाही. दमदाटी केली नाही. ती त्याच्यावर चालली नसती, आणि मला करायचीही नव्हती.

"बाबा, देवी पाण्यात आहे का?"

त्याने माझ्याकडे पाहिले. "पाणी कुठे आहे, साहेब?"

"तुम्ही ठेवलीत?"

त्याने चहाचा कप बाजूला सरकवला.

"बाबा, तुम्ही बोलला नाहीत म्हणून त्या माणसाची वाडी खणली गेली. पोरासमोर त्याची मान खाली गेली. काल त्याचा घड परत पाठवला. तुमच्या घराने आणि त्याच्या घराने मिळून जी गोष्ट राखली, तिच्यातलं त्याचं घर काल संपलं. तुमच्या गप्प बसण्याने."

तेव्हा तो फुटला. आवाज मात्र चढला नाही.

"माझ्या आज्याने दरोडेखोरांच्या वेळी ठेवली होती. त्याच्याकडून बा शिकला, बाकडून मी. घागरीत घालायची, वर तांब्याभर पाणी, मग सोडायची. संकट टळलं की काढायची. हे वितळवणार होते, साहेब. चेहरा वितळवणार. फिरंग्यांनी नाही वितळवला, दरोडेखोरांनी नाही. मी म्हटलं, जत्रा होऊ दे, समितीला सोनाराला नको म्हणून सांगू दे, मग काढीन. पोराला पण सांगितलं नव्हतं मी. म्हणजे केळीवाल्याला. त्याला सांगायची रीत आहे. या वेळी नाही सांगितलं. म्हटलं, त्याला कशाला गोवायचं?"

"आणि मग बावखल बुजवलं."

"तुम्ही इथे बसवलं होतं ना मला. घरी गेलो तर दगड पडत होते. मी काठावर उभा राहिलो. अध्यक्ष म्हणाले, बाबा बाजूला व्हा, डंपर येतोय." तो थांबला. "काय सांगणार होतो? सांगितलं असतं तर काढून वितळवली असती. नाही सांगितलं तर मातीत. पाणी देवीला ठेवतं, साहेब. माती ठेवत नाही. आमच्या कोणाच्या डोक्यात कधी आलंच नाही की पाणीच नाहीसं होईल."

पंचांसमक्ष निवेदन नोंदवले. तो स्वतः जागा दाखवायला तयार झाला. जेसीबी मागवला. अध्यक्ष धावत आले.

"साहेब, हे काय चालवलंय? जत्रा आली, गाड्या कुठे लावायच्या?"

"मुद्देमाल कुठे आहे ते कळलं आहे."

"कुठे?"

मी त्यांच्या पायांखाली बोट दाखवले. ते दोन पावले मागे सरले. त्यांनी चपला काढल्या. मग बहुधा काढून काही उपयोग नाही असे वाटले असावे, पुन्हा घातल्या.

बागायतदारही आला होता. कुंपणाच्या पलीकडे आपल्या वाडीत उभा होता. त्याला कोणी बोलावले नव्हते, कोणी हाकललेही नाही. गुरव त्याच्याकडे पाहू शकत नव्हता.

दुपारपर्यंत खणणे चालले. विटा, फरशीचे तुकडे, सळया, मग चिखल. चिखलात कमळाचे कंद तुटून पडत होते. आधी घागर मिळाली. पितळेची, चपटी झालेली. जेसीबी थांबवला आणि पुढचे काम हातांनी केले. घागर सरळ करून उघडावी लागली. आत मुखवटा होता. दगडांच्या भाराने उभा दुमडला गेला होता. एक डोळा शाबूत होता. दुसरा घडीत गेला होता.

गुरव खाली बसला. "खंडित झाली," असे कोणीतरी म्हणाले. कोण ते मी पाहिले नाही.

अध्यक्षांनी दुरूनच निरखून पाहिले. "साहेब, आता ही पूजेला चालत नाही. शास्त्र आहे. तुम्ही ठेवा तुमच्या पुराव्याला. जुना गेला तेव्हाच नवी चांदी देऊन मुखवटा घडवायला टाकला, तो तयार आहे. सोनाराला फक्त मुलामा द्यायचा राहिला आहे." मग काहीसे मनापासून म्हणाले, "तुमचे आभार. गुन्हा उघड झाला. गावाच्या मनातला किंतू गेला."

"आणि घड?"

"कुठला घड?" त्यांना क्षणभर खरोखरच कळले नाही. "ते होय. ते आता नवीन देवळात बघू. नवीन मंडपाला तुळई नाही, साहेब. स्लॅब आहे."

गुरवाला अटक केली. कायद्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू परवानगीवाचून हलवली, ही चोरी. हेतू न्यायालयाने पाहायचा असतो. न्यायालयात हजर केले तेव्हा जामीन कोण राहणार, असा प्रश्न आला. समितीतला कोणी पुढे आला नाही. बागायतदार पुढे आला. सातबारा बरोबर घेऊन आला होता. बाहेर आल्यावर गुरव त्याला म्हणाला, "पोरा, तुला सांगायला हवं होतं."

"होय, सांगायला हवं होतं," बागायतदार म्हणाला. "मी डंपरसमोर आडवा झालो असतो. माझ्याच बापजाद्यांचं बावखल. तुम्ही मला सांगितलं नाही म्हणून मी घरात बसून राहिलो." तो रागावलेला होता. पण हात धरून त्याने म्हाताऱ्याला रिक्षात बसवले.

जत्रा भरली. नवा मुखवटा मोठा आणि चकचकीत होता. गाड्या कुठे लावाव्यात हा प्रश्न आला नाही; खड्डा बुजवून पुन्हा सपाट केला होता.

खटला उभा राहण्यापूर्वीच गुरव वारला. आरोपीचा मृत्यू झाल्याने प्रकरण तिथेच संपले. मुद्देमाल परत नेण्याबाबत देवस्थानला पत्र दिले. उत्तर आले की मुखवटा खंडित असल्याने स्वीकारता येत नाही. खंडित मूर्तीचे विसर्जन करावे अशी रीत आहे. कुठे, हे पत्रात लिहिले नव्हते. ज्या पाण्यात करायचे ते पाणी त्यांनीच बुजवले होते. समुद्रात सोडा, असे एकाने तोंडी सुचवले. राजोडीच्या किनाऱ्यावर सहलीच्या लोकांच्या पायांत ती यायची, असे माझा हवालदार म्हणाला. तसा आदेशही कोणाकडून आला नाही. तेव्हा मुखवटा कापडात, लाखेने सीलबंद केलेल्या पुडक्यात, चिठ्ठी लावून, मुद्देमाल खोलीतच राहिला. एका बाजूला चोरीच्या तांब्याच्या तारा, दुसऱ्या बाजूला जप्त केलेले कोयते.

पुढच्या माघात, जत्रेआधी, बागायतदार ठाण्यात आला. खांद्यावर गोणपाट. ठाणे अंमलदाराने त्याला अडवले, तेव्हा मी बाहेर आलो.

"काय आहे?"

"राजेळीचा घड, साहेब."

"इथे घेता येत नाही. पोलिसांना काही आणायचं नाही."

"तुम्हाला नाही आणला." त्याने गोणपाट खाली ठेवले. त्याचा मुलगा फाटकाबाहेर स्कूटरवर बसून वाट पाहत होता. या वेळी तो बरोबर आला होता, एवढे मी पाहिले. "देवी आहे तिथे पहिला घड द्यायचा. देवळात ती नाही. ती तुमच्याकडे आहे. मी काय करू?"

मुद्देमाल कारकून कुरकुरला. "साहेब, पिकला की चिलटं होतील. तपासणीला वरिष्ठ आले तर मी काय सांगू?"

"केळी आहेत म्हणून सांगा."

माझे उत्तर तेवढेच होते. स्टेशन डायरीत त्याची नोंद केली नाही. नोंद कोणत्या सदराखाली करायची तेही मला ठाऊक नव्हते. घड खोलीच्या दाराशी भिंतीला टेकवून ठेवला. जत्रेच्या दिवशी तो पिकला. ठाण्यातल्या शिपायांनी खाल्ला, लॉकअपमधल्या दोघांना दिला. दोघांपैकी एकाने विचारले, "कशाची आहेत?" शिपाई म्हणाला, "प्रसाद आहे, खा."

या प्रकरणाने काय शिकवले, असे निवृत्तीनंतर मला अनेकांनी विचारले आहे. गुन्हा उघड करणे म्हणजे वस्तू शोधणे आणि आरोपी शोधणे, असे मी नोकरीभर मानले. ते चुकीचे नाही. त्या दिवशी दोन्ही मिळाले. पण देऊळ जे राखून होते ते चांदीत नव्हते. दोन घरांचा एकमेकांवरचा विश्वास आणि मध्ये एक तळे, एवढीच त्या देवीची तटबंदी होती. तोफांनी ती पडली नाही. वाहनतळाने पडली. आणि त्यासाठी कायद्याच्या पुस्तकात कोणते कलम लावावे, हे मी अजून शोधू शकलेलो नाही.

मागच्या माघात त्या ठाण्याच्या तरुण प्रभारी अधिकाऱ्याचा फोन आला. मी त्यांना ओळखत नव्हतो. कारकुनाने माझा क्रमांक दिला होता.

"सर, क्षमा करा, विचित्र प्रश्न आहे. एक वयस्कर गृहस्थ केळीचा मोठा घड घेऊन आले आहेत. म्हणतात, दरवर्षी इथेच देतात. नाही म्हणालो तर जायला तयार नाहीत. मुलगाही बरोबर आहे, तोही ऐकत नाही. काय करू?"

"मुद्देमाल खोलीच्या दारावर, चौकटीच्या वर पाहा," मी म्हणालो. "एक लोखंडी कडी आहे. एका अंगाला झिजलेली. जुनं देऊळ पाडलं तेव्हा भंगारातून आणून मी ती तिथे बसवून घेतली होती. घड तिला लावा."